बाहामाजचे शार्क आणि अर्जावरचं ‘नाही’

शार्क चावत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण परत आल्यापासून गॉलवेतल्या मराठी मंडळींनी मला दुसरं काही विचारलेलं नाही. तिळगुळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी तर माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. बोटं दहाच्या दहा आहेत. मग म्हणे व्हिडिओ दाखवा. व्हिडिओ सानिकाकडे आहे, आणि तो तिच्याकडे मागायची माझी हिंमत नाही. म्हणून लिहून सांगतो.

सानिका माझी मुलगी, एकोणीस वर्षांची. दोन वर्षांची असताना तिला पुण्याहून इकडे, आयर्लंडला, आणली. मराठी सगळं समजतं, पण उत्तर देते इंग्रजीत, आणि तेही अशा अस्सल गॉलवेच्या हेलात की फोनवर लोकांना तिचं आडनाव दोनदा विचारावं लागतं. तिची वाक्यं मी इथे मराठीत लिहितो आहे, तेवढं चालवून घ्या. शाळेत असतानाच ती गॉलवेजवळच्या कॉनेमाराच्या गारठलेल्या पाण्यात डायव्हिंग शिकली. आता कॉर्कला प्राणिशास्त्र शिकते आणि सुट्टीत क्लबातल्या नवशिक्यांना बुडू न द्यायचं काम करते. मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटीत आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या बारीक नळ्या तिथे बनतात आणि मी त्यांचे कागद तपासतो. सही राहिली, तारीख चुकली, की कागद परत. माझ्या खडूसपणाबद्दल प्लांटात ख्याती आहे.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला पाण्याखाली जायचा उमाळा का आला, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकला माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, कॅन्सर निघाला. सानिकाची शाळेची शेवटची परीक्षा जूनमध्ये होती. मी आणि मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, जे कुठल्याही मराठी घरात ठरलं असतं तेच ठरवलं. पोरीला परीक्षा होईपर्यंत कळू द्यायचं नाही. दर रविवारी सानिका आणि आजोबांचा व्हिडिओ कॉल असायचा. तो आम्ही एकेक कारण सांगून बंद पाडला. आजोबा झोपलेत, आजोबांच्या फोनला रेंज नाही, आजोबा गावाला गेलेत. जूनमध्ये अण्णा गेले, त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. मी जर्मनीच्या प्लांटमध्ये ऑडिट आहे असं सांगून नाशिकला गेलो. तिथे मी डोकं भादरू दिलं नाही, कारण परत आल्यावर सानिकाने विचारलं असतं. काका रागावले. पोटच्या मुलीशी बोललेलं खोटं टिकावं म्हणून बापाचं एवढंसं करायचं ते मी केलं नाही, आणि तेव्हा मला त्यात आपण फार मोठा त्याग करतोय असंही वाटलं.

शेवटचा पेपर झाल्यावर शाळेबाहेर गाडीत तिला सांगितलं. ती ‘ग्रँड’ म्हणाली. इथले लोक ठीक आहे या अर्थी दिवसातून पन्नास वेळा म्हणतात, तसं. पट्टा लावला आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर ती आमच्याशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. घरात यायची, जेवायची, ताट विसळून ठेवायची, आणि सप्टेंबरात कॉर्कला निघून गेली.

म्हणून मी जुलैत तिच्याच क्लबात नाव घातलं. पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्याला बडी म्हणतात. त्याच्या टाकीतल्या हवेवर तुम्ही लक्ष ठेवायचं, तुमच्या हवेवर त्याने. पोरीचा बडी व्हायचं माझ्या डोक्याने घेतलं. कॉनेमाराच्या पाण्यात दात वाजवत, गुडघ्याएवढ्या शेवाळात तोंड खुपसून मी परीक्षा पास झालो. मग जानेवारीच्या सुट्टीसाठी बाहामाजचा बेत मांडला, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसली. ‘रीफ शार्क? खरंच?’ म्हणाली. त्या हसण्यासाठी मी व्हेल माशाच्या पोटातसुद्धा गेलो असतो.

नासाऊ, पहिला दिवस

नकाशा बघणारे लोक सांगतील की बाहामाज कॅरिबियनमध्ये नाहीच, अटलांटिकमध्ये आहे. म्हणजे आमच्या गॉलवेच्या फिरायच्या रस्त्याला येऊन आपटतो तोच समुद्र. विश्वास बसत नाही. आमच्याकडे तो पाटी धुतलेल्या पाण्यासारखा करडा, आणि इथे काचेसारखा हिरवा, उबदार. विमानतळाबाहेर पडल्यावर मी तीन स्वेटर एकामागून एक काढले आणि सानिका माझ्यापासून चार पावलं लांब उभी राहिली.

शहरात छोट्या बसगाड्या धावतात. त्यात चढताना माणूस आतल्या सगळ्यांना मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो आणि सगळी बस उत्तर देते. आयर्लंडमध्ये उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणतात. पुण्यात चढताना आणि उतरताना जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी न बोलता चढलो, तर एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवून म्हटलं, ‘काल रात्री आपण एकाच घरात होतो का? नाही ना? मग नमस्कार कुठेय?’ सानिका खळखळून हसली. मी सगळ्या बसला नमस्कार केला, हात जोडून.

जेवायला किनाऱ्यावरच्या एका टपरीत गेलो. शंखातला प्राणी बारीक चिरून, कांदा, टोमॅटो, मिरची आणि आंबट संत्र्याचा रस घालून समोर कालवून देतात. कोशिंबीरच म्हणायची, फक्त जरा चिवट. बरोबर भात होता, त्यात दाणे. खाल्ल्यावर कळलं, ते आपले तुरीचे दाणे. मी सानिकाला म्हटलं, आजी हिवाळ्यात असाच भात करायची. ती म्हणाली, ‘माहितेय. आजोबांनी सांगितलं होतं.’ मग आम्ही दोघंही भाताकडे बघत जेवलो.

दुपारी डायव्हिंगच्या दुकानात अर्ज भरायचा होता. प्रश्नांची रांग, पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. दमा आहे का, फिट येतात का, आणि मधेच, रक्तदाबासाठी औषध घेता का.

मी घेतो. गॉलवेच्या क्लबात अर्ज भरला तेव्हा घेत नव्हतो. सप्टेंबरात सानिका कॉर्कला गेली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सुरू केलं, आणि जानेवारीअखेर हृदयाची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं. हे मृणालला माहीत होतं. सानिकाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंसुद्धा नव्हतं. ते आपोआपच झालं. आमच्याकडे ते नेहमीच आपोआप होतं.

‘हो’ लिहिलं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती मला गॉलवेत दहा मिनिटांत मिळाली असती, किंवा डॉक्टर म्हणाले असते, आधी तपासणी, मग समुद्र. त्या भीतीनेच मी मागितली नव्हती. शेजारी सानिका स्वतःचा अर्ज भरत होती. मी सगळ्या रांगेत ‘नाही’वर खुणा केल्या, सही केली, तारीख टाकली. प्लांटमध्ये असा कागद माझ्यासमोर आला असता तर मी त्यात काही चूक काढू शकलो नसतो.

दुसरा दिवस

आमच्या बोटीचा प्रमुख ट्रॉय नावाचा दणकट, मऊ बोलणारा माणूस होता. त्याने सांगितलं, आज शार्कना खायला घालायचं नाही, फक्त त्यांच्या घरी जाऊन यायचं. हात अंगाशी ठेवा, शार्ककडे बोट दाखवू नका. बरोबर एक डच जोडपं होतं आणि एक अमेरिकन दातांचा डॉक्टर, जो प्रत्येकाच्या दातांकडे बघून बोलायचा.

पंधरा मीटरवर पांढऱ्या वाळूचा सपाट तळ आहे आणि त्याच्या कडेने प्रवाळाची भिंत खाली निळ्यात उतरते. कॉनेमाराला मला माझाच हात दिसायचा नाही. इथे बोटीची सावलीसुद्धा तळावर दिसत होती. कान मोकळे करत खाली गेलो, सानिका माझ्यासमोर, डोळे माझ्यावर. तिने बोटांनी विचारलं, ठीक? मी म्हटलं, ठीक.

मग तो आला. निळ्यातून घाई न करता, आणि अगदी आवाज न करता. दोन मीटर लांब, पाठ करडी, पोट पिवळट पांढरं, आणि त्याचा डोळा आमच्यावरून असा फिरला की आपण त्याच्या कामाचे नाही हे लगेच समजावं. मागून दुसरा, मग तिसरी, जिच्या पाठीवर जुना ओरखडा होता. त्यांच्यापैकी कुणालाच आमचं काही पडलं नव्हतं. मी घाबरेन अशी माझी खात्री होती. पण घाबरलो नाही. सानिकाने माझा दंड धरला आणि मास्कच्या आत तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, जेवढे तिसऱ्या वाढदिवसाला पहिली सायकल बघून झाले होते. पाण्याखाली बोलता येत नाही, कुठल्याच भाषेत. आम्ही दोघं वाळूवर गुडघे टेकून शार्क बघत बसलो. वर्षभरात मला इतकं सुख झालं नव्हतं. मला रडू आलं. मास्कमध्ये पाणी साठलं, आणि सानिकाला वाटलं मास्क गळतोय, म्हणून तिने मला तो कसा रिकामा करायचा ते खुणेने दाखवलं.

बोटीवर आल्यावर ती आपणहून बोलत राहिली. तो ओरखडा जोडी जमवताना नराने चावल्याचा असतो, मादीची कातडी त्यासाठी जाड असते, वगैरे. मी कशालाही ‘हो का?’ म्हणत होतो. उद्या शार्कना खायला घालणार होते, आणि आम्ही दोघं शेजारीशेजारी बसणार होतो.

तिसरा दिवस

मराठी माणूस प्रवासाला निघाला की एक औषधांचा डबा निघतो. ओवा, मलम, पट्ट्या, तापाची गोळी, उलटीची गोळी. सकाळी बोट लागेल म्हणून सानिकाने उलटीच्या गोळीसाठी माझा डबा उघडला. मी आंघोळीला होतो. बाहेर आलो तेव्हा डबा मिटलेला होता आणि ती बुटांच्या नाड्या बांधत होती.

धक्क्यावर ती म्हणाली, ‘बाबा, तुला तो अर्ज परत एकदा बघायचाय का?’

मी म्हटलं, ‘कशाला? परवाच भरलाय.’

‘काही बदलायचं असेल तर.’

तेव्हा मला कळलं, डब्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या तिने बघितल्या होत्या. अगदी स्वच्छ कळलं. तिने मला दार उघडून दिलं होतं, आणि मला फक्त आत जायचं होतं. पण तिथे ट्रॉय उभा होता, डच जोडपं उभं होतं, दातांचा डॉक्टर माझ्या दाढांकडे बघत होता. मी म्हटलं, ‘चल गं, उशीर होतोय.’

तिने थोडा वेळ वाट बघितली. मग ट्रॉयकडे गेली आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलली. ट्रॉय माझ्याकडे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘सर, आज तुम्ही वरच थांबा. चिठ्ठी आणा, मग मी स्वतः तुम्हाला खाली नेईन.’ दातांचा डॉक्टर मोठ्या आपुलकीने म्हणाला, ‘मीही बीपीवालाच. चिठ्ठी आणलीय. दोन मिनिटांचं काम असतं.’ आणि मग तोच सानिकाचा बडी झाला.

मला इतका संताप आला होता की कान गरम झाले. चारचौघांत पोटच्या पोरीने बापाचं नाव सांगितलं. शाळेत नाव सांगणाऱ्या मुलाला आम्ही वाळीत टाकायचो. हॉटेलवर मला एकट्याला सांगितलं असतं तर? विचारलं असतं तर? पण तिने विचारलं होतं. हे आठवलं की आणखी संताप यायचा.

ते सगळे पाण्यात उतरले. बोट चालवणारी मिस ग्लेंडा नावाची साठीची बाई आणि मी, दोघंच वर. पाणी इतकं नितळ की कठड्यावरून खाली सगळं दिसत होतं. वाळूवर माणसांचं अर्धवर्तुळ, मध्ये लोखंडी जाळीचा अंगरखा घातलेला ट्रॉय, हातात माशांचे तुकडे भरलेला डबा. आणि त्याच्याभोवती शार्क, वीस तरी असतील. आता ते कालच्यासारखे सभ्य नव्हते. एकमेकांना रेटत, तुकड्यासाठी मान झटकत, अगदी बुफेला गेल्यासारखे. सानिका कुठली ते मला ओळखता येत नव्हतं. सगळे बुडबुडे सारखेच दिसतात. तिच्या बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं, आणि ते आता एक परका माणूस करत होता.

मिस ग्लेंडाने माझ्याकडे टोपी फेकली. ‘उन्हात बसू नका. बीपीला ऊन वाईट.’ म्हणजे साऱ्या बोटीला कळलं होतं. मी टोपी घातली. तिने मला खोबऱ्याची गोड पोळी दिली, तीही मी खाल्ली, आणि दोन्हीबद्दल तिला थँक्यू म्हणालो नाही.

वर आली तेव्हा सानिकाचा चेहरा उजळलेला होता. शिडीवरूनच ती कुणाला तरी सांगत होती की एक शार्क तिच्या कानाला घासून गेला. मग तिने मला बघितलं आणि बोलायची थांबली. मला वाईट वाटलं ते तिने मला थांबवल्याचं नव्हे. माझ्याकडे बघून तिचा आनंद विझला, त्याचं वाटलं.

दुपारी त्याच टपरीत बसलो. मी सुरुवात केली तीच वाकडी. ‘समाधान झालं ना?’

ती म्हणाली, ‘खाली तुला काही झालं असतं तर मी एकटी होते, बाबा. मी तुला वर ओढलं असतं आणि कशासाठी ते मला माहीत नसतं. डॉक्टरांनी विचारलं असतं, काही औषध घेतात का, आणि मी सांगितलं असतं, नाही.’

‘तुला काळजी नको म्हणून—’

‘आजोबांच्या वेळीही हेच म्हणालास.’

मी म्हटलं, तुझी परीक्षा होती, आम्ही सगळं तुझ्यासाठीच केलं, तुझी आई बाथरूममध्ये जाऊन रडायची. मग तिने मराठीत सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली. ‘मी दर शनिवारी त्यांच्यासाठी मराठी वाक्यं पाठ करायचे. नवीन पाच. मग रविवारी तुम्ही म्हणायचात, झोपलेत. माझ्याकडे खूप वाक्यं राहिली आहेत.’

मी तुरीचे दाणे भातातून वेगळे काढत बसलो. उरलेले दोन दिवस आम्ही किल्ला बघितला, गवताच्या टोपल्यांचा बाजार बघितला, फ्लेमिंगोंची कवायत बघितली. सगळं छान होतं. कुणी जाणार असेल तर जरूर जा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या.

गॉलवे

जानेवारीअखेर तपासणी झाली. एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली. आमच्या प्लांटमध्ये बनते तसलीच एक नळी आता मला बसवणार आहेत. रिपोर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून मी आणि मृणाल बसलो होतो. मृणाल म्हणाली, ‘सानूला आत्ताच नको सांगूया. नवीन सत्र सुरू झालंय, जरा रुळू दे.’ आणि मी चक्क मान डोलावली. मग माझं मलाच किळसवाणं वाटलं. उठलो आणि सानिकाला फोन लावला.

सगळं सांगितलं. रक्तवाहिनी, नळी, टक्केवारीसकट. शेवटी ती म्हणाली, ‘हे सगळं आहे?’

‘सगळं.’

‘रिपोर्टचा फोटो पाठव.’

मी तिचा बाप आहे, काही पुरवठादार नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. फोटो काढला, पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. मिनिटभराने तिचा मेसेज आला: ‘खाली लिहिलंय, दोनपैकी पहिलं पान. दुसरं कुठाय?’

दुसरं पान माझ्या कोपराखाली होतं, उपडं. त्यावर एकच वाक्य होतं आणि त्यात ‘तातडीने’ असा शब्द होता. ते मी तिथे कधी सरकवलं ते मला खरंच आठवत नाही. देवाशपथ सांगतो, मी त्या वेळी खरं बोलत होतो.

मृणाल बघत होती. मी ते पान उलटलं, फोटो काढला, पाठवला. मग तिचं उत्तर आलं: ‘उद्या सकाळच्या बसने येतेय. ओरिजिनल टेबलावर ठेव. दोन्ही पानं.’